तीन रेघांची बंदूक

एका दुपारी आमच्या खोलीच्या मोरीत बसून मी पितळेवरच्या तीन बारीक रेघा पॉलिश पेपरने घासून काढल्या. ती वस्तू म्हणजे आमच्या गावच्या देवाच्या बंदुकीचा गज. ठासणीच्या बंदुकीत दारू तोंडाकडून भरावी लागते आणि ती ज्या लांब दांड्याने ठासून बसवतात त्याला गज म्हणतात. या गजाच्या टोकाला पितळेचे बोंड होते आणि बोंडाच्या गळ्याशी, सहज नजरेला येऊ नयेत इतक्या हलक्या, तीन रेघा होत्या. पितळ मऊ असते. फार जोर लावावा लागला नाही. मोरीत साचलेली पिवळी भुकटी मी तांब्याभर पाण्याने सोडून दिली आणि हात साबणाने धुतले. तरी संध्याकाळी पानात वाढताना आईने विचारले, "हाताक कसलो वास येता रे तुझ्या?"

"शाळेतली घंटा पुसली," मी म्हणालो.

ती बंदूक कोणी घडवली हे शोधण्याचे काम गावच्या मंडळाने माझ्यावर सोपवले होते. मला ते सापडले होते आणि सापडले म्हणूनच मी रेघा घासल्या. मग ज्या सभेत ते सांगायचे होते तिथे उभे राहून मी सांगितले की काहीही सापडले नाही. आईला मी हे कधी सांगितले नाही, पुढे बायकोलाही नाही. इतकी वर्षे स्वतःशीसुद्धा मी ते पूर्ण वाक्यात बोललो नव्हतो.

आम्ही लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. बाबा गिरणीत साच्यावर होते, म्हणजे मागावर कापड विणत. शेजारच्या खोलीत त्याच गिरणीतले एक फिटर राहत. सारी चाळ त्यांना फिटर म्हणे आणि आम्ही मुले फिटरकाका. आम्ही मालवणकडचे, ते साताऱ्याचे, म्हणजे चाळीच्या भाषेत घाटी. बाबांची आणि त्यांची पाळी एकच असे, आणि पाळी सुटली की दोघे गॅलरीत कठड्याला टेकून एकमेकांच्या मुलखाची टिंगल करत. साच्यांच्या गोंगाटात वर्षे काढल्याने दोघांचेही कान मंद झालेले. काकांचे जरा अधिकच. त्यामुळे त्यांची टिंगल खालच्या दुकानदारालाही ऐकू जाई.

"तुमी कोकणी लोकं देवाला बी भ्या दावता व्हय रं?" काका म्हणत. "पालखी भाईर आली की ठो!"

"देव नाय घाबरणा," बाबा म्हणत. "घाटी घाबरतत."

हा 'ठो' म्हणजे आमच्या घराण्याचा मान. गावच्या जत्रेला पालखी देवळाच्या पायऱ्या उतरली की बंदुकीचा एक बार निघतो, आणि तो आमच्या घरातल्या कर्त्या पुरुषाने काढायचा. कुठल्याशा आरमारी सरदाराने आमच्या पूर्वजाला ती बंदूक बक्षीस दिली आणि पूर्वजाने ती देवाला वाहिली, अशी कथा होती. ती बंदूक शिकारीला न्यायची नाही आणि परक्याच्या हातात द्यायची नाही, हे दोन नियम मी चालायला शिकण्याआधी ऐकले असावेत.

फिटरकाकांच्या हातची एखादी वस्तू नाही असे घर आमच्या चाळीत नव्हते. मोडक्या यंत्राचा पितळी तुकडा साहेबाची नजर चुकवून लेथवर चढे आणि काही दिवसांनी कुणाच्या तरी घरात खलबत्त्याचा बत्ता, पाळण्याची कडी किंवा देव्हाऱ्यातल्या घंटेची मूठ होऊन येई. माझ्या भोवऱ्याची आर त्यांनीच करून दिली होती. प्रत्येक वस्तूच्या गळ्याशी ते तीन रेघा मारत. मी एकदा विचारले होते, तीनच का?

"दोन मारल्या तर लोकं म्हनत्यात हात हालला," ते म्हणाले. "चार मारल्या की माज दिसतो. तीन बराबर."

संप सुरू झाला तेव्हा मी नुकताच कॉलेजात गेलो होतो. पहिल्या महिन्यांत चाळीत एक प्रकारची सुट्टी लागल्यासारखे वाटत होते. मग बायकांच्या गळ्यातले एकेक मणी कमी होऊ लागले आणि पुरुष गावाला जाऊ लागले. बाबाही गेले. फिटरकाकांच्या गावाकडच्या जमिनीत काही पिकत नव्हते, म्हणून ते मुंबईतच राहिले आणि परळच्या एका गल्लीत छोट्या गाळ्यात लेथवर रोजाने काम करू लागले. बाबा परतले ते एक लांबलचक वळकटी घेऊन. ती त्यांनी कुणाला उलगडू दिली नाही. दुसऱ्या दिवशी वळकटी घरात नव्हती. पुढे बरेच दिवस बाबा काकांच्या गाळ्यावर जात राहिले. त्यांना तिथे काम मिळेल या आशेने ते जातात, असे आई शेजारणींना सांगे आणि मीही तेच धरून चाललो. त्या वर्षीच्या जत्रेला बाबा गेले, बार निघाला, प्रसादाचा नारळ घरी आला.

संप कधी संपला असे कुणाला सांगता आले नाही. आमची गिरणी बाबांसाठी आणि काकांसाठी पुन्हा उघडली नाही. बाबा दादरच्या एका इमारतीत पहारेकरी झाले. काका लेथवरच राहिले. मी शिकलो, इतिहासाचा शिक्षक झालो, आणि चाळ मला मास्तर म्हणू लागली. मला ते आवडे. इतके आवडे की मला एखादी गोष्ट माहीत नाही असे म्हणणे हळूहळू जड जाऊ लागले.

गावच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला तो याच सुमारास. आमच्याच चाळीच्या तळमजल्यावर गावच्या मंडळाची खोली होती. गावातून एकटे आलेले पुरुष तिथे राहत, भिंतीला छतापर्यंत त्यांच्या ट्रंका रचलेल्या असत, आणि मंडळाच्या सभाही तिथेच त्या ट्रंकांवर बसून होत. जीर्णोद्धाराची स्मरणिका काढायचे ठरले. तेव्हा गावातल्या दुसऱ्या एका घराण्याने शंका काढली. त्यांच्यातला एक म्हातारा शपथेवर सांगत होता की आपल्या लहानपणी देवाच्या बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकायचा लाकडी भाग, सरळ होता, आता तो वाकडा आहे. बंदूक बदलली असेल तर इनामाची कथा खोटी, आणि कथा खोटी तर मान कसला? तो साऱ्या घराण्यांत फिरता करावा.

अध्यक्ष म्हणाले, "आपल्यात इतिहासाचो मास्तर आसा. तो बघतलो."

बंदुकीचा घोडा सैल झाला होता आणि स्मरणिकेसाठी फोटोही हवा होता. रीतसर कागदपत्रे करून बाबांनी ती मुंबईला आणली. मी कामाला लागलो तो खऱ्या उमेदीने. खरे तर स्मरणिकेचा लेख मी आधीच लिहून ठेवला होता. त्यात आरमार होते, सरदार होता, समुद्र होता. फक्त बंदूक नीट पाहायची राहिली होती.

पहिल्यांदा काही खटकले ते फोटोच्या वेळी. आधी मी बंदूक खांद्याला लावून पाहिली. दस्ता गालाला बोचत होता, जणू ती मला ढकलत होती. मग बाबांनी घेतली. बाबा डावरे. त्यांनी ती डाव्या खांद्याला लावली आणि ती त्यांच्या गालाशी अशी बसली, जणू शिंप्याने अंगावर बेतलेला सदराच. कित्येक पिढ्यांपूर्वी एका सरदाराने बक्षीस दिलेली बंदूक माझ्या बापाच्या खांद्याच्या मापाची कशी?

घोडा दुरुस्त करायला मी ती फोर्टातल्या एका जुन्या बंदूकवाल्याकडे नेली. त्याने नळीत डोकावून पाहिले, बाहेरून नख फिरवले, आणि मोडक्या मराठीत म्हणाला, "मास्तर, घोडा आजोबा हाय. नळी नातू हाय."

"म्हणजे?"

"जुनी नळी पट्टी गुंडाळून, ठोकून करायची. गंज चढला की पट्टीची वळणं दिसते. इथं काय वळण नाय. आणि हा दस्ता तर कालचा पोरगा." तो हसला. "पण ज्यानं जोडलं त्याचा हात चांगला. नातवाला आजोबाच्या मांडीवर बरोबर बसवला."

मी घरी आलो तेव्हा फिटरकाका गॅलरीत उभे होते. माझ्या खांद्यावरच्या कापडात गुंडाळलेल्या लांब वस्तूकडे त्यांनी पाहिले. ती काय आहे हे त्यांना सांगावे लागले नाही.

"शोधतुयास म्हनं, कुनी केली त्ये," ते म्हणाले. "घावलं का?"

"नाही," मी म्हणालो.

"घावंल," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर लपाछपीत लपलेल्या मुलाचे हसू होते. "नुस्तं डोळ्यानं बघू नगंस. बोटानं बघ."

त्यांना स्वतः सांगायचे नव्हते. मी शोधून काढावे असे त्यांना वाटत होते, हे मला तेव्हा उमगले नाही. खोलीत जाऊन मी बंदुकीवरून बोटे फिरवली. दस्ता, चाप, नळी. शेवटी गज ओढून काढला आणि अंगठा बोंडाच्या गळ्याशी आला. तिथे अंगठ्याला जे लागले ते त्याला लहानपणापासून पाठ होते. भोवऱ्याला जाळी गुंडाळताना मी ते रोज चाचपत असे. आईच्या बत्त्यावर ते होते. देव्हाऱ्यातल्या घंटेवर होते.

मी बाबांना विचारले. त्यांनी सगळे सांगितले. संपाच्या दिवसांत गावात घरोघर चुली थंड होत्या. शेतात डुक्कर येत होते. लोक म्हणाले, बंदूक तुझ्याकडे आहे.

"पोटाक नाय होता कोणाच्या," बाबा म्हणाले. "मी देवाची बंदूक घेवन गेलंय. दारू जास्त पडली. नळी फुटली, दस्तो चिरलो. डुकर पळान गेलो."

फुटलेली बंदूक वळकटीतून मुंबईला आली. फिटरकाकांनी जुना घोडा तेवढा ठेवला आणि बाकी सारी बंदूक नव्याने घडवली. बाबांचे माप त्यांनी शिंप्यासारखे घेतले होते: गळ्यापासून खांदा, खांद्यापासून बोट. केल्याबद्दल त्यांनी काही घेतले नाही. एक गोष्ट मात्र मागितली.

"एक बार तुझ्या जत्रेत, माझ्या हातान, असा फिटर म्हणालो. मी शब्द दिलंय."

"मग?"

"गाववाले इचारतले, घाट्याक मान कित्याक? मगे काय सांगू?" बाबा म्हणाले. "दर वर्साक म्हणतंय, फुडल्या वर्साक."

मला भयंकर राग आला. मी लहानपणापासून जी कथा छाती फुगवून सांगितली, जी वर्गात मुलांना सांगितली, ती माझ्या बापाने डुकरामागे धावताना फोडली होती. आणि मी आठवडेच्या आठवडे शोध घेत असताना तो माझ्यासमोर बसून चहा पीत होता. मला फसवले गेले होते. हे खरेच आहे आणि आजही मी ते नाकारत नाही. पण त्या रागाचे मी काय केले ते पाहता मला असे वाटते की मी रागावायला बाबांपेक्षा सोपा माणूस शोधत होतो. बाबांना खोटे पाडायचे तर मलाही खाली उतरावे लागले असते. मान गेला असता, लेख गेला असता, मास्तरकी राहिली असती की नाही कोण जाणे. फिटरकाकांना खोटे पाडायला नुसता पॉलिश पेपर पुरणार होता.

"तुका काय लिहूचा ता लिही," बाबा म्हणाले आणि कामावर निघून गेले. त्यांनी मला काही करायला सांगितले नाही. हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवले पाहिजे.

नंतर मी स्वतःला समजावले की परवाना जुन्या बंदुकीचा आहे, नवी नळी करणे हा गुन्हा आहे, तेव्हा मी काकांना पोलिसांपासून वाचवतो आहे. कारण चांगले होते. पण ते मला रेघा घासून झाल्यावर सुचले, आधी नाही.

सभेला मंडळाची खोली भरली होती. ट्रंकांवर जागा नव्हती, लोक दारात उभे होते. बंदूक मधल्या टेबलावर लाल कापडावर ठेवली होती. दुसऱ्या घराण्यातला एक जण कोर्टात असल्यासारखा बोलत होता: दस्ता वाकडा का, याचे उत्तर हवे. अध्यक्षांनी मला खूण केली. मी उठणार इतक्यात दारातून मोठा आवाज आला.

"ती म्या केलीया."

फिटरकाका दारात उभे होते. ते आमच्या गावचे नव्हते, मंडळाचे नव्हते, त्यांना कुणी बोलावले नव्हते. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

"ह्यो कोण?" मागून कुणीतरी विचारले.

"वरचो फिटर. घाटी."

"मान तुमचाच ऱ्हाऊ दे," काका म्हणाले. "मला त्यातलं काय नगं. नळी फुटली व्हती, म्या नवी केली, संपात. जत्रंत एक बार माझ्या हातानं काढू द्या, शब्द दिलाय मला. एवढंच." कुणाचा शब्द ते त्यांनी सांगितले नाही. बाबांकडे त्यांनी पाहिलेही नाही. त्यांनी माझ्याकडे बोट केले. "मास्तरला इचारा. त्याला घावलंय. गजावर तीन रेघा हायत माझ्या."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. काकांच्या चेहऱ्यावर तेच हसू होते.

मी म्हणालो, "मी बंदूक पूर्ण तपासली. गजावर कसल्याही रेघा नाहीत. काकांचा काहीतरी गैरसमज होतो आहे. संपानंतर बऱ्याच लोकांचे असे झाले आहे."

मी नेहमीप्रमाणे हळू बोललो होतो. दारापर्यंत ते पोचले नाही.

"काय म्हनला?" काकांनी विचारले.

काकांनी बाबांकडे वळून पुन्हा विचारले, "काय म्हनला रं त्यो?" कारण त्या खोलीत काकांना ऐकू जाईल असे बोलण्याची सवय बाबांनाच होती. बाबा उठले. आयुष्यभर साच्यांवरून ज्या आवाजात ते काकांना हाका मारत आले, त्याच आवाजात त्यांना ते म्हणावे लागले:

"तो म्हणता, रेघो नाय हत!"

काका लोकांतून वाट काढत टेबलापाशी आले. त्यांनी गज काढला आणि बोंडाच्या गळ्यावर अंगठा ठेवला. तो एकदा फिरवला, मग उलटा फिरवला. जुन्या काळपटलेल्या पितळेत तेवढाच भाग नव्या नाण्यासारखा चमकत होता. आयुष्य धातूवर काढलेल्या माणसाला त्या चमकेचा अर्थ विचारावा लागत नाही. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी तेव्हा नजर खाली वळवली की थोडी नंतर, हे मला आठवत नाही, आणि न आठवणे माझ्या सोयीचे आहे हे मला कळते.

"म्हंजी म्या चुकलो आसंन," काका म्हणाले. गज त्यांनी नळीखाली परत सरकवला, अगदी हलक्या हाताने, आणि निघून गेले.

"घाट्यान बंदूक केल्यान," मागून एक जण म्हणाला, "देव पण तेणाच केल्यान आसतलो!"

खोली हसली. मी हसलो नाही. हसणाऱ्यांना थांबवलेही नाही. दस्ता पूर्वी कधीतरी दुरुस्त झाला असावा, पण बंदूक मूळचीच आहे, असे माझ्या शब्दावर ठरले. मान आमच्याकडे राहिला. लेख छापून आला.

काकांनी कुणाकडे तक्रार केली नाही. आईचा बत्ता सैल झाला तेव्हा तिने तो नेहमीसारखा त्यांच्याकडे दिला आणि त्यांनी नवा करून दिला. आई म्हणाली, "ह्या बत्त्याक रेघो मारूक इसारलो वाटता." विसरले नव्हते. त्यानंतर त्यांनी कुणासाठीही केलेल्या वस्तूवर रेघा नव्हत्या. चाळ म्हणाली, फिटर थकला. गॅलरीत बाबा आणि ते एकत्र दिसेनासे झाले. एक जण बाहेर आला की दुसरा आत जाई. बाबा वारले तेव्हा काका आले, पायाशी बसले, खांदा दिला आणि माझ्याशी न बोलता परतले. काकू गेल्यावर मुलीने त्यांना वडाळ्याला आपल्या घरी नेले. मी दादरला राहायला गेलो होतो. वडाळा दादरपासून किती जवळ आहे हे मुंबईत कुणालाही सांगावे लागत नाही. मी गेलो नाही.

बाबांनंतर तो बार काढण्याची पाळी माझी होती. मी दोनदा काढला. दस्ता दोन्ही वेळा गालाला बोचला. पुढे निवडणुकीच्या वेळी परवान्याच्या साऱ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा झाल्या, त्यात ती गेली. परवाना नव्याने करून घ्यायचा राहिला, मी तो राहू दिला, आणि बंदूक परत आलीच नाही. आता जत्रेला पालखी पायऱ्या उतरली की फटाक्यांची माळ लावतात. काकांना दिलेला शब्द पाळण्याची वाट अशी मीच बंद केली.

यंदा चाळ पाडायचे ठरले. तिच्या जागी टॉवर होणार आहे. खोल्या रिकाम्या करायच्या दिवशी मीही आमची खोली आवरायला गेलो. आयुष्यभर कोंबून ठेवलेले सामान सगळ्यांनी गॅलरीत आणि चौकात काढून ठेवले होते. सामानातून वाट काढत जाताना एका पाळण्याच्या कडीला माझा हात लागला आणि मी थांबलो. गळ्याशी तीन रेघा होत्या. मग मला त्या सगळीकडे दिसू लागल्या. पलीकडच्या बत्त्यावर. देव्हाऱ्यावर उलट्या ठेवलेल्या घंटेच्या मुठीवर. एका अडकित्त्याच्या टोकावर. कुणाच्या तरी नातवाने उचललेल्या भोवऱ्यावर. मी एका गजावरून पुसलेली सही साऱ्या चाळीने घरोघर सांभाळून ठेवली होती, आणि त्या सभेत बसलेल्या चाळीतल्या प्रत्येकाच्या घरी ती होती. कुणीही एक बत्ता आणून गजाशेजारी ठेवला असता, तर रेघांच्या जागीच गज चमकतो आहे हे दिसले असते. पण ते सांगण्याचे काम माझे होते. गजावरही त्या होत्या हे तिथे बाकी कुणाला माहीत असण्याचे कारण नव्हते.

संध्याकाळी मंडळाच्या खोलीत निरोपाची सभा होती. ट्रंका गेल्या होत्या, भिंतीवर त्यांचे चौकोनी डाग राहिले होते. साऱ्या चाळीला बोलावणे होते, गावच्या-परगावच्या सगळ्यांना. काका मुलीचा हात धरून आले. खूप लहान दिसत होते. त्यांना खुर्ची दिली, ती मधोमध, जिथे तेव्हा टेबल होते साधारण तिथे.

आभार मानायला अध्यक्षांनी मला उभे केले. मी आभार मानले नाहीत. काकांपुढे जाऊन मी बोलायला सुरुवात केली आणि माझ्या नेहमीच्या आवाजात दोन वाक्ये बोललो.

काकांनी मुलीकडे पाहिले. "काय म्हनतोय त्यो?"

ती गोंधळली. "बाबा, ते काहीतरी बंदुकीचं बोलतायत."

"मशीन घाल ना कानात," कुणीतरी म्हणाले.

"त्ये शिट्टी मारतं," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, जुन्या सवयीने, "मोठ्यानं बोल, मास्तर."

माझे शब्द मोठ्याने सांगणारे बाबा आता नव्हते. मुलगी सांगायला पुढे झाली, तिला मी हाताने थांबवले. मी काकांच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसलो, माझे ओठ त्यांना दिसतील असा. आयुष्यात कधी लावला नाही एवढा आवाज लावून, दारात उभ्या असलेल्यांनाही ऐकू जाईल असे, मी म्हणालो:

"काका, देवाची बंदूक तुम्ही केली होती! गजावर तुमच्या तीन रेघा होत्या! तुम्ही सांगितल्या तशा मला त्या बोटांनी सापडल्या होत्या, आणि मी त्या मोरीत बसून घासून काढल्या! तुम्ही चुकला नव्हता, काका. याच खोलीत मी तुम्हाला खोटं पाडलं आणि माझ्या बापाला ते ओरडून सांगायला लावलं. तुमचा बार मी बुडवला. मला माफ करा."